एका बोटावर उभं धूड
आज घोड्याला नाल ठोकताना पहिल्यांदाच जवळून बघितलं. नालबंदाने पाय मांडीत धरून वाढलेला खूर नखासारखा कापला आणि घोडा आपला निवांत, कारण ते खरंच नखच आहे ना! म्हणजे एवढं ४००-५०० किलोचं धूड प्रत्येक पायाच्या एकाच मधल्या बोटावर उभं. पायाच्या नळीवर, म्हणजे गुडघ्याखालच्या लांब हाडावर, हात फिरवला तर कडेला बारीक हाड लागलं, गेलेल्या बोटांची तेवढीच खूण. साडेपाच कोटी वर्षांपूर्वी यांचे पूर्वज कुत्र्याएवढे होते, पुढे चार बोटं, मागे तीन. आणि गंमत बघा, ही उत्क्रांती झाली मुख्यतः उत्तर अमेरिकेत, तिथूनच घोडे सुमारे १० हजार वर्षांपूर्वी संपले, आजच्या पाळीव घोड्यांचे वाडवडील माणसाळले रशियातल्या वोल्गा-डॉन नद्यांकडच्या गवताळ मैदानात, आणि अमेरिकेत परत नेले ते स्पॅनिश लोकांनी, जहाजात घालून! हाताला अजून वास येतोय, दोनदा धुतले तरी.