गाय शोधणं आणि गाईला शोधणं

मराठीत उपपदं नाहीत, म्हणून मराठी माणसाला इंग्रजीतले 'अ' आणि 'द' जमत नाहीत, अशी आपण आपलीच समजूत काढत असतो. मला ती पटत नाही.

शाळेत हा विषय गाळलेल्या जागा भरण्यापुरता येतो. त्यातलं 'अ' की 'ॲन' हे अगदीच सोपं: अक्षर बघायचं नाही, उच्चार ऐकायचा. म्हणून 'ॲन अवर', पण 'अ युनिव्हर्सिटी'. आमदार 'ॲन एमएलए' असतो, मंत्री झाला की 'अ मिनिस्टर' होतो. बढतीत एक अक्षर जातं, बाकी सगळं वाढतं.

घोळ होतो तो 'अ' आणि 'द' यांच्यात. पहिल्या उल्लेखाला 'अ', दुसऱ्याला 'द', हा नियम तर श्रावणातल्या कहाण्या ऐकलेल्या माणसाला शिकवायलाच नको. आटपाट नगर होतं. तिथं एक राजा होता. त्या राजाला दोन राण्या होत्या. झालं, 'एक' आणि 'त्या'. पण घरात 'दार लाव' म्हटलं की पाच दारं असूनही कुणी 'कुठलं?' विचारत नाही. इंग्रज तिथे पहिल्याच उल्लेखाला 'द' लावून मोकळा होतो. म्हणजे प्रश्न कितव्या उल्लेखाचा नसून समोरच्याच्या डोक्यात काय आहे, याचा आहे. मी कशाबद्दल बोलतोय ते तुला कळलंय ना? कळलं असेल तर 'द'.

आणि हे आपण रोज करतो. 'मी गाय शोधतोय' म्हणणाऱ्याला गाय विकत घ्यायची आहे. 'मी गाईला शोधतोय' म्हणणाऱ्याची गाय चुकली आहे. 'मुलगी बघायला गेलेत' म्हटलं की कांदेपोहे, आणि 'मुलीला बघायला गेलेत' म्हटलं की बहुधा दवाखाना. एका 'ला'ने एवढा फरक पडतो. हा 'ला' कुठे लावायचा हे आपल्याला कुणी गाळलेल्या जागांत शिकवलेलं नाही. निर्जीव वस्तूंना तो सहसा चालत नाही, हेही आपण न शिकताच पाळतो.

या चिमुकल्या शब्दांवर केवढं काय अडतं! 22 नोव्हेंबर 1967 रोजी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने ठराव 242 एकमताने मंजूर केला. त्याच्या इंग्रजी मसुद्यात, अलीकडच्या संघर्षात व्यापलेल्या प्रदेशांतून इस्रायली सैन्याने माघार घ्यावी, असं आहे. पण 'प्रदेशां'च्या आधी 'द' नाही. 'द' नाही, म्हणजे सगळे प्रदेश नव्हेत, असं एक बाजू म्हणते. दुसरी बाजू फ्रेंच मसुदा पुढे करते. तिथे उपपद आहे आणि त्याचा अर्थ 'त्या प्रदेशांतून' असा घेता येतो. एकमत झालं ते मसुद्यावर, अर्थावर नव्हे. मुत्सद्द्यांना हे कळत नव्हतं, यावर माझा विश्वास नाही. कधीकधी गाळलेली जागा तशीच ठेवण्यातच सगळ्यांची सोय असते.

नील आर्मस्ट्राँगचं उलट झालं. 1969 च्या जुलैत चंद्रावर पाऊल ठेवताना 'एका माणसाचं छोटं पाऊल' असं त्याला म्हणायचं होतं. पृथ्वीवर 'अ' ऐकूच आला नाही. नुसता 'मॅन' उरला, आणि त्याचा अर्थ अख्खा मानव, म्हणजे पुढच्या 'मानवजाती'चीच पुनरुक्ती. त्याच्या मते, त्याला 'अ' म्हणायचाच होता.

गावांच्या आणि देशांच्या नावांत तर तर्क शोधूच नये. द हेग, पण लंडन. युक्रेनने 1991 ला स्वतंत्र झाल्यावर आपल्यामागचा 'द' झटकला, कारण त्यात देशापेक्षा प्रांताचा वास यायचा. जुन्या गॅझेटियरांत आपलंही 'द कोकण' आणि 'द डेक्कन' असायचं. आजारी ब्रिटिश माणूस नुसता 'इन हॉस्पिटल' असतो, अमेरिकन मात्र 'इन द हॉस्पिटल'. दोघांचीही बिलं सारखी नसतात, पण ते कारण नव्हे.

आपण मात्र 'द' ला अस्सल देशी काम दिलं आहे. सहकारी बँका आणि जुन्या सोसायट्यांच्या पाट्या बघा: 'दि अमुक अर्बन को-ऑपरेटिव्ह बँक लि.' पुढे स्वर असो की व्यंजन, पाटीवर 'दि'च. निश्चित-अनिश्चिताशी त्याचा संबंध उरलेला नाही; तो नावाआधीचा 'श्री' झाला आहे. वार्षिक सभेच्या नोटिशीत तो गाळून बघा, एखादे ज्येष्ठ सभासद हरकत नोंदवतीलच.