खोडदची दुर्बीण बघायला जाताना

शनीची कडी डोळ्यांनी बघायची असतील तर खोडदला जाऊ नका. तिथली जीएमआरटी (जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप) ही रेडिओ दुर्बीण, म्हणजे आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी पकडणारी. तिला भिंग नाही आणि डोळा लावायची जागाही नाही. लेकीला हे घरीच सांगून ठेवलं होतं, म्हणून तिथे रुसवेफुगवे झाले नाहीत.

एरवी आत जायला आधी परवानगी काढावी लागते. 28 फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला मात्र प्रदर्शन भरतं आणि सगळ्यांना सोडतात, म्हणून आम्ही तोच मुहूर्त धरला. पुण्याहून एसटीने नारायणगाव, पुढे जीप. गर्दी जत्रेसारखी! शाळांच्या बसगाड्या, टोपीवाले आजोबा, कडेवर पोरं घेतलेल्या बाया.

मोबाईल बंद करायला सांगतात. सायलेंट चालत नाही, पूर्ण बंद. आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी इतक्या क्षीण असतात की खिशातला फोनही त्यांना झाकून टाकतो. सेल्फी राहिली, राहू दे.

प्रदर्शनात शाळांची मॉडेल्स भरपूर. ज्वालामुखीला अजून मरण नाही! ती आम्ही भराभर उरकली आणि अँटेनाकडे गेलो.

अँटेनाच्या वाटीचा, म्हणजे डिशचा व्यास 45 मीटर. जवळ जाऊन मान वर केली तर आरपार आभाळ दिसतं, कारण पत्रा नाहीच, बारीक पोलादी तारेची जाळी आहे. भोकं मध्यभागी 1 सेंटीमीटरची, कडेला 2 सेंटीमीटरची. लेक म्हणाली, "बाबा, सगळं गळून जाईल की यातून!" माहिती सांगणारा मुलगा हसला. "अवकाशातल्या हायड्रोजनकडून येणारी रेडिओ लहर 21 सेंटीमीटरची असते. तिला हे भोक दिसतच नाही, ती उलटी फिरते. वारा तेवढा निघून जातो." वाऱ्याचा जोर बसत नाही म्हणून सांगाडा हलका, आणि म्हणून खर्च आटोक्यात. ही दुर्बीण उभारणारे शास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांच्या डोक्यातली ही युक्ती मला तिथल्या सगळ्या यंत्रांपेक्षा आवडली.

अशा 30 डिश आहेत. 14 मध्यभागी, उरलेल्या 16 इंग्रजी वाय अक्षराच्या तीन हातांवर, शेताशिवारांत पसरलेल्या. टोकाच्या दोन डिशमधलं अंतर सुमारे 25 किलोमीटर. सगळ्यांचे संकेत फायबरच्या केबलने एका जागी येतात, तिथे ते जुळवतात आणि मग चित्र तयार होतं. सगळ्या डिश एका फेरीत बघायचा हट्ट धरू नका.

टोपी आणि पाणी घ्या, फेब्रुवारीतही ऊन चटका देतं. परतीच्या जीप संध्याकाळी खच्चून भरतात, त्यामुळे चारच्या सुमारास निघालेलं बरं.