वहीत आधी वेळ, मग अंदाज

रात्री आकाशात अनोळखी प्रकाशाचा ठिपका दिसला की वहीत सगळ्यात आधी वेळ लिहायची, मिनिटासकट. मग दिशा, मग क्षितिजापासूनची उंची. ‘काय असेल’ हा रकाना शेवटी. उलटं केलं की नजर सोयीचं तेवढंच पाहते. एकदा ‘ड्रोन’ लिहून टाकलं की ठिपका हलायलाही लागतो.

आणि तो खरंच हलल्यासारखा वाटतो! काळोखात एकाच ठिपक्याकडे टक लावली की शेजारी पडताळायला काही नसतं, म्हणून तो डुलतोय, सरकतोय असा भास होतो. उपाय साधा आहे. डोकं भिंतीला टेकवायचं, एक डोळा मिटायचा आणि ठिपका समोरच्या खांबाच्या कडेला लावून धरायचा. हात पूर्ण लांब केला की करंगळीची रुंदी साधारण १ अंश भरते, मूठ १० अंश. आकाश तासाला १५ अंश फिरतं, म्हणजे चार मिनिटांत एक करंगळी. ध्रुवताऱ्याकडे त्याहून कमी. ठिपका आसपासच्या चांदण्यांबरोबर तेवढाच सरकला, तर तो तारा किंवा ग्रह. बहुतेक कोडी इथेच सुटतात.

मग कोणता, हे ठरवायला घड्याळ पुरतं. शुक्र सूर्यापासून ४७ अंशांपलीकडे जात नाही. त्यामुळे तो संध्याकाळी पश्चिमेला किंवा पहाटे पूर्वेला. मध्यरात्री डोक्यावर काही झगमगत असेल तर शुक्राचं नाव खोडायचं, बहुधा गुरूचं लिहायचं. १०×५० ची द्विनेत्री (दहा पट मोठं दाखवणारी, ५० मिलिमीटर भिंगांची दोन डोळ्यांची दुर्बीण) कठड्यावर टेकवून पाहिली की गुरूच्या दोन्ही बाजूंना एका रेषेत बारीक ठिपके दिसतात. ते त्याचे चंद्र. चारही एकदम दिसतीलच असं नाही, एखादा गुरूच्या पुढे किंवा मागे असतो.

‘लुकलुकतो तो तारा, स्थिर तो ग्रह’ हा नियम क्षितिजाशी मात्र फसतो. तिथे प्रकाश हवेच्या जाड थरातून येतो, मग शुक्रसुद्धा थरथरतो. व्याध हा ठळक तारा तर खाली असताना लाल, हिरवा, निळा असा क्षणाक्षणाला रंग बदलतो. ‘रंगीत दिवे लावलेलं यान’ म्हणून जे सांगितलं जातं, त्यात व्याधाचा वाटा मोठा असावा. मृगाच्या पट्ट्यातले तीन तारे जोडून रेघ आग्नेयेकडे वाढवली की ती व्याधाजवळ जाते. तेवढं पाहिलं की शंका उरत नाही.

सरळ आपल्याकडे येणारं विमान काही मिनिटं जागचं हलत नाही, नुसतं उजळत जातं. घाई करायची नाही. ते वळलं की लाल-हिरवे दिवे सुटे दिसतात. अंतराळ स्थानक सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर असतं. ते न मिचकावता पश्चिमेच्या बाजूने पूर्वेकडे जातं, फार तर पाच-सहा मिनिटांत. संध्याकाळच्या फेरीत ते मध्येच विझतं, कारण पृथ्वीच्या सावलीत शिरतं. ढगाआड गेलं असं लिहू नये.

फोनमधल्या फोटोवर विसंबू नये. झूम केलेली मोठी गोल ‘तबकडी’ म्हणजे बहुधा फोकस चुकलेला ठिपका. चौकटीत रस्त्याचा दिवा असेल तर भिंगांतल्या परावर्तनाने चौकटीच्या मध्याच्या बरोबर पलीकडे त्याचा भुतासारखा खोटा ठिपका उमटतो. फोन हलवून पाहायचा. ठिपका आकाशातल्या चांदण्यांना सोडून पळाला तर तो भिंगातला. स्टेलॅरियम हे आकाशाचा नकाशा दाखवणारं अ‍ॅप उघडतानाही लोखंडी ग्रिल आणि गाडीपासून दूर जायचं, नाहीतर फोनचं होकायंत्र दिशाच चुकीची दाखवतं.

तरीही अडलं तर दुसऱ्या रात्री चार मिनिटं आधी त्याच खांबाशी उभं राहायचं. तारा असेल तर त्याच कडेला सापडेल.