समासातली लाल ओळ

नववीत असताना शाळेच्या हस्तलिखितासाठी मी विल्यम वॉकरवर लेख लिहिला होता. वाचनालयातल्या एका जुन्या ग्रंथात तो भेटला आणि मी पुरता भारावून गेलो. अमेरिकेतल्या टेनेसी राज्याचा हा तरुण डॉक्टरकी शिकला, वकिली शिकला, वृत्तपत्रात रमला आणि एकोणतिसाव्या वर्षी, १८५३ साली, ४५ माणसं घेऊन सॅन फ्रान्सिस्कोहून जहाजाने निघाला. मेक्सिकोच्या ला पाझ बंदरात उतरून त्याने गव्हर्नरला कैद केलं, आपला झेंडा चढवला आणि 'लोअर कॅलिफोर्निया प्रजासत्ताक' जाहीर करून टाकलं. राष्ट्राध्यक्ष तो स्वतःच. चौदा वर्षांच्या मुलाला आणखी काय हवं! त्याचा दोन ताऱ्यांचा झेंडा मी जलरंगात काढला होता. तांबडा रंग पानाच्या मागे फुटला होता.

इतिहासाच्या बाईंनी लेख परत दिला. समासात लाल शाईने लिहिलं होतं, "आणि तिथली माणसं? एकाचं तरी नाव शोधून आण."

मधल्या सुट्टीत पुन्हा वाचनालय गाठलं. या वेळी निराळंच दिसू लागलं. वॉकरने तिथे लुइझियाना या गुलामगिरी चालणाऱ्या अमेरिकी राज्याचे कायदे लागू केले होते, म्हणजे मेक्सिकोने १८२९ मध्येच रद्द केलेली गुलामगिरी मागच्या दाराने परत आणली होती. पुढे सोनोरा प्रांतात पाऊलही न टाकता तोही त्याने कागदोपत्री आपल्या राज्याला जोडला. फौजेला गुरं-घोडी लागत, ती तिथल्या लोकांच्या गोठ्यातून उचलली जात. त्याच्या राज्याला कुणीही मान्यता दिली नाही. हे सगळं मी लेखात घातलं. नाव तेवढं सापडेना. बाई म्हणाल्या, "एक ओळ कोरी सोड. सापडेल तेव्हा लिही."

नोकरीनिमित्त सॅन दिएगोला गेलो, तेव्हा तिथल्या सार्वजनिक वाचनालयात ते नाव मिळालं: आंतोनियो मारिया मेलेंद्रेस. गुरं पाळणारा तरुण. त्याने गावकरी जमवून वॉकरचा पिच्छा पुरवला आणि मे १८५४ मध्ये उरलीसुरली टोळी सरहद्दीपलीकडे अमेरिकी अधिकाऱ्यांना शरण गेली. सॅन फ्रान्सिस्कोच्या ज्यूरीने वॉकरला अवघ्या आठ मिनिटांत निर्दोष सोडलं. ते वाचून मला अजूनही राग येतो.

त्याच रात्री बाईंना फोन केला. त्यांनी नाव दोनदा म्हणायला लावलं. "थांब," म्हणाल्या, "पेन घेते."