तुम्ही विचारलंत म्हणून: द्राक्षं बोटीत महिनाभर टिकतात कशी?

पॅकहाऊस, म्हणजे द्राक्षं निवडून पेट्यांत भरायची आमची जागा, बघायला आलेले पाहुणे हमखास विचारतात, "महिनाभर बोटीत? मग सडत नाहीत का? विमानानं का नाही पाठवत?" निफाड तालुक्यातून दर हंगामात आमचे द्राक्षांचे कंटेनर नेदरलँड्समधल्या रॉटरडॅम बंदराला जातात, तर एकदा नीटच सांगतो.

विमानाचं भाडं एवढ्या वजनाला परवडतच नाही. एका कंटेनरात बारा-तेरा टन माल असतो. आणि बोटीत तो टिकतो, कारण तो सतत थंड राहतो आणि वाटेत पेटीला कोणाचा हात लागत नाही.

सकाळी उन्हाच्या आत तोडलेले घड पॅक करून लगेच प्री-कूलिंगला, म्हणजे कंटेनरात भरण्याआधी गार करायला लावतो. सहा-आठ तासांत मण्याच्या आतलं तापमान शून्याजवळ येतं. इथेच लोकांचा गैरसमज असतो. रीफर, म्हणजे थंड हवेचं मशीन बसवलेला कंटेनर, माल थंड करत नाही, थंड ठेवतो. गरम माल भरला तर त्याचं मशीन रात्रंदिवस चालूनही उपयोग नाही. म्हणून भरताना मी स्वतः दारात उभा राहतो आणि मण्यात थर्मामीटरची सुई खुपसून बघतो. फरशीतल्या ॲल्युमिनियमच्या खाचांतून गार हवा येते आणि पेट्यांमधून वर चढते. आत भिंतीवर लाल रेघ असते. तिच्यावर एक पेटी जरी गेली तरी हवेची परतीची वाट अडते. मग दार लावून सील ठोकायचं. मुंबईजवळच्या न्हावाशेवा बंदरापर्यंत ट्रेलरवरचा जेनसेट, म्हणजे जनरेटर, वीज देतो, पुढे बंदरात आणि बोटीवर प्लग. कस्टमनं तपासणीला काढला नाही, तर ते सील थेट रॉटरडॅमलाच तुटतं.

दार न उघडता माल पाठवायची ही पद्धत जगभर नेली माल्कम मॅक्लीन या अमेरिकन ट्रकमालकानं. २६ एप्रिल १९५६ रोजी त्यांच्या 'आयडियल एक्स' बोटीवरून ५८ पेटारे, म्हणजे कंटेनर, नेवार्कहून ह्यूस्टनला निघाले. सुटा माल चढवायला टनामागे ५ डॉलर ८६ सेंट पडायचे, यात जेमतेम १६ सेंट लागले. पुढे वीस आणि चाळीस फुटांची मापं ठरली आणि कुठल्याही देशातली क्रेन तोच पेटारा उचलू लागली. आपलं न्हावाशेवा बंदर १९८९ चं. आज सगळ्यात मोठ्या बोटींवर वीस फुटी हिशेबानं २४ हजार कंटेनर मावतात. गोदीत पाठीवर गोणी वाहणाऱ्या हजारोंचं काम यातच गेलं, ते मी विसरत नाही.

२०२४ च्या हंगामात तांबड्या समुद्रात बोटींवर हल्ले होत होते. आमच्या बोटी सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घालून गेल्या. दहा-बारा दिवस वाढले, भाडं भडकलं. रोज रात्री मोबाइलवर बोट कुठे आली ते बघायचो. शेवटी खरेदीदारानं उघडलेल्या पेट्यांचे फोटो पाठवले. मी आधी देठ बघितले, कारण देठ सुकला की तिकडचं गिऱ्हाईक माल शिळा धरतं. बहुतेक हिरवे होते. काही पेट्यांत तपकिरी पडले होते. त्यांचे पैसे कापले गेले आणि ज्यांची बाग होती त्यांच्या घरी जाऊन मला ते सांगावं लागलं.