डायरेक्ट सेकंड इयर: कटऑफ नंतर बघा, आधी सीट मॅट्रिक्स उघडा

एमएसबीटीईचा, म्हणजे राज्याच्या तंत्रशिक्षण मंडळाचा, उन्हाळी निकाल लागला की पुण्यातल्या डिप्लोमाच्या मुलांच्या ग्रुपवर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाच्या प्रवेशाबद्दल एकच प्रश्न फिरायला लागतो: ‘इतक्या टक्क्यांना पीआयसीटी कॉम्प्युटर लागेल का? सीओईपीची काही आशा?’ उत्तर देणारे मागच्या वर्षीची कटऑफची, म्हणजे कुठे शेवटचा प्रवेश किती टक्क्यांना झाला त्याची, पीडीएफ उघडतात आणि ठामपणे हो किंवा नाही सांगून मोकळे होतात. पीआयसीटी, सीओईपीसारख्या वरच्या पाच-सहा इंजिनिअरिंग कॉलेजांच्या बाबतीत या उत्तराला फारसा अर्थ नसतो. का, ते जागांच्या हिशोबात आहे.

थेट दुसऱ्या वर्षाच्या जागा दोन ठिकाणांहून येतात. एक, मंजूर प्रवेशसंख्येच्या १० टक्के जादा जागा. दोन, पहिल्या वर्षी रिकाम्या राहिलेल्या जागा. साठ मुलांची एक तुकडी धरा. त्यातल्या जादा जागा झाल्या सहा. मागणी असलेल्या कॉलेजात कॉम्प्युटर पहिल्याच वर्षी गच्च भरतं, त्यामुळे दुसऱ्या मार्गाने एखाद-दुसरी जागा आली तर आली. आता या सहा जागांवर आरक्षण लावा, त्यातही मुलींसाठी ३० टक्के. एकेका प्रवर्गाच्या वाट्याला एक जागा येते, ओपनला जेमतेम दोन-तीन. म्हणजे यादीत छापलेला कटऑफ हा बऱ्याचदा एकाच मुलाचा मार्क असतो. त्या मुलाने त्या वर्षी दुसरं कॉलेज वर लिहिलं असतं तर आकडा दोन टक्क्यांनी हलला असता. याउलट शहराबाहेरच्या एखाद्या कॉलेजात मेकॅनिकल किंवा सिव्हिलच्या निम्म्या जागा पहिल्या वर्षी रिकाम्या राहिल्या असतील, तर तिथे कटऑफ पार खाली येतो.

म्हणून राज्याचा सीईटी सेल दरवर्षी कॅप (केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया) राउंडच्या आधी जे सीट मॅट्रिक्स, म्हणजे जागांचा तक्ता, लावतो, ते आधी वाचायचं. तुमच्या प्रवर्गात, तुमच्या ब्रँचला, त्या कॉलेजात यंदा किती जागा आहेत ते बघा. कटऑफ बघायचाच असेल तर किमान तीन वर्षांचा शेजारी शेजारी ठेवा आणि टक्क्यांपेक्षा मेरिट नंबर पाहा. एखाद्या वर्षी बोर्डाचा निकाल सैल लागला तर टक्के फुगतात, पण नंबर त्या मानाने जागेवर राहतो.

या प्रवेशाला वेगळी परीक्षा नाही, सगळं डिप्लोमाच्या टक्क्यांवर ठरतं. पात्रता ४५ टक्के, राज्यातल्या राखीव प्रवर्गांना ४०. एमएसबीटीईच्या मुलांचे अंतिम टक्के पाचव्या आणि सहाव्या सेमिस्टरच्या एकत्रित गुणांवर निघतात. पहिल्या दोन वर्षांत घसरलेल्या मुलाला ही सरळ सरळ दुसरी संधी आहे, आणि बऱ्याच जणांना हे सहाव्या सेमिस्टरमध्ये कळतं. त्या वर्षात प्रॅक्टिकल, ओरल आणि कॅपस्टोन प्रोजेक्टचे गुण भरपूर असतात. थिअरीत दोन मार्क वाढवायला जी मेहनत लागते, तिच्या निम्म्या मेहनतीत प्रोजेक्टचा रिपोर्ट आणि डायरी वेळेवर पूर्ण होते. पुण्याच्या शासकीय तंत्रनिकेतनासारख्या स्वायत्त संस्थांची गुणपत्रिका वेगळी असते. तिच्यावर सीजीपीए असेल तर टक्क्यांत रूपांतराचं पत्र संस्थेकडून आधीच घेऊन ठेवा. फॉर्म भरायच्या आठवड्यात ऑफिसमध्ये रांग लागते.

कागदपत्रांत मुलं सर्वात जास्त अडकतात ती दोन जागी. नॉन क्रिमीलेयर प्रमाणपत्र पुढच्या ३१ मार्चपर्यंत वैध लागतं. गेल्या मार्चला संपलेलं अपलोड केलं तर स्क्रूटिनीत (कागदपत्रांच्या तपासणीत) परत येतं. दुसरं, जात वैधता प्रमाणपत्र. त्याला महिने लागतात, त्यामुळे तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीलाच अर्ज टाकलेला बरा. यातलं काही मुदतीत आलं नाही तर नाव ओपनमध्ये जातं, आणि एका जागेच्या खेळात तो फरक फार मोठा असतो. तात्पुरती मेरिट लिस्ट लागली की टक्के, प्रवर्ग आणि नाव नीट तपासा. तक्रारीची मुदत दोन-तीन दिवसांचीच असते.

आता ऑप्शन फॉर्म, म्हणजे कॉलेजांची पसंतीक्रमाची यादी. इथे घाबरटपणा फार महागात पडतो. ‘आपल्याला ते थोडंच मिळणार’ म्हणून पहिल्या नंबरला खात्रीचं कॉलेज लिहिणारी मुलं दरवर्षी असतात. पद्धत अशी आहे: मेरिट नंबरप्रमाणे एकेकाची पाळी येते, तुमची पाळी आली की यादी वरून खाली वाचली जाते आणि जिथे जागा शिल्लक असेल तिथे थांबते. वर सीओईपी लिहिल्याने खालच्या पर्यायावरचा तुमचा हक्क तसूभरही कमी होत नाही. पण पहिल्या राउंडमध्ये पहिलाच पर्याय लागला तर सीट आपोआप फ्रीझ (पक्की) होते आणि पुढचे राउंड तुमच्यासाठी संपतात. नंतरच्या राउंडमध्ये कितव्या पर्यायापर्यंत असं होतं, ते त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत बघा, हा नियम बदलतो. बेटरमेंट घेतलंत, म्हणजे मिळालेली सीट ठेवून पुढच्या राउंडला थांबलात, आणि वरचा पर्याय लागला तर आधीची सीट गेली, मग ती परत मागता येत नाही. तेव्हा जिथे खरोखर शिकायला जाणार नाही ते कॉलेज यादीत टाकूच नका. हडपसरला राहणाऱ्याने निगडीचं कॉलेज लिहिताना रोजच्या दोन बसचा विचार आधी करावा.

ब्रँच बदलता येते. मेकॅनिकल डिप्लोमावाला कॉम्प्युटरला अर्ज करू शकतो, आणि हल्ली करतातही. पण सेकंड इयरला पहिल्याच सेमिस्टरमध्ये डेटा स्ट्रक्चर्स आणि ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंग समोर येतं. कॉम्प्युटर डिप्लोमाच्या मुलाने सी, सी प्लस प्लस, जावा सगळं करून झालेलं असतं. तुम्ही पॉइंटरपासून सुरुवात करणार. निकाल ते प्रवेश यात दोन-अडीच महिने मिळतात, त्यात सी भाषेत लिंक्ड लिस्ट स्वतःच्या हाताने लिहिता आली पाहिजे. तेवढी तयारी नसेल तर स्वतःच्याच ब्रँचमध्ये, बऱ्या कॉलेजात राहणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं.

खरी ठेच लागते ती गणिताची. अकरावी-बारावी आणि इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष, दोन्ही आपण गाळलेलं असतं. डिप्लोमाच्या गणितात साधं इंटिग्रेशन आणि पहिल्या ऑर्डरची डिफरन्शियल इक्वेशन येऊन जातात. पण इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाच्या गणितातलं, म्हणजे एम वनमधलं पार्शियल डिफरन्सिएशन, फोरियर सिरीज, आयगेन व्हॅल्यू आणि एम टूमधलं डबल-ट्रिपल इंटिग्रेशन बघितलेलंच नसतं. दुसऱ्या वर्षाला एम थ्री शिकवणारे सर हे सगळं येतं असं धरून थेट वरच्या ऑर्डरच्या इक्वेशन आणि ट्रान्सफॉर्मवर येतात. अप्पा बळवंत चौकात एम वन आणि एम टूची जुनी पुस्तकं निम्म्या किमतीत मिळतात. सगळं पुस्तक करत बसू नका. मॅट्रिक्सची रँक, आयगेन व्हॅल्यू, पार्शियल डेरिव्हेटिव्ह, बाय पार्ट्स आणि पार्शियल फ्रॅक्शन एवढं हातात बसवा. लाप्लास आणि झेड ट्रान्सफॉर्मची निम्मी गणितं पार्शियल फ्रॅक्शनवरच अडतात.

त्यात प्रवेश उशिरा. वर्ग पावसाळ्यात सुरू झालेले असतात आणि कॅप आटोपून तुम्ही वर्गात पोहोचता तेव्हा सेमिस्टरमधली पहिली परीक्षा तोंडावर आलेली असते. पुणे विद्यापीठाच्या पॅटर्नमध्ये शंभरातले तीस गुण सेमिस्टर चालू असतानाच ठरतात. पहिल्या दिवशी वर्गशिक्षकांना भेटून प्रवेशाची तारीख हजेरीत नोंदवून घ्या, नाहीतर आधीचे आठवडे गैरहजेरीत मोजले जातात आणि टर्मवर्कचे गुण देताना वाद होतो. झालेली प्रॅक्टिकल कोणत्या बॅचबरोबर भरून काढायची, हेही त्याच आठवड्यात विचारा. लॅब असिस्टंटशी सलोखा ठेवलेला कधीही चांगला.

फीचं थोडक्यात. कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर ओपनच्या मुलांना शिक्षण शुल्कात निम्मी सवलत महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरून मिळते. याच उत्पन्नमर्यादेत बसणाऱ्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना २०२४-२५ पासून शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. दोन्हीला प्रवेश कॅपमधूनच झालेला हवा. राउंड संपल्यावर कॉलेज पातळीवर घेतलेल्या सीटला ही सवलत लागू होत नाही, आणि ‘सीट कन्फर्म करून देतो’ म्हणणारा एजंट हे कधीच सांगत नाही.