डावा हात, दोन हजाराचा तंबू आणि ब्लँकेटवाले चाचा

मागच्या डिसेंबरात बुलडाण्यातल्या मेहकरहून गडचिरोलीतल्या भामरागडला गाडीवर जाऊन आलो. गाडी म्हणजे स्प्लेंडर, 97.2 सीसी, बाबांनी घेतलेली. हे आधीच सांगून टाकतो, कारण टूरिंग म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर दोन्ही बाजूंनी पेट्या लटकवलेली ती उंच गाडी येते अन मग माझी गाडी पाहून त्यांचा चेहरा पडतो. माझ्याकडे पेट्या नाहीत. मागच्या सीटवर खताची एक रिकामी गोणी, तिच्यात आईची गोधडी, दोन हजार रुपयांचा पिवळा तंबू, एक गंज म्हणजे पातेलं, चहा-साखर, पंक्चरचं सामान, अन वरून बंजी कॉर्ड, म्हणजे हुकवाली रबरी दोरी. आईने दिलेल्या दशम्या अन ठेचा हँडलच्या पिशवीत, कारण पहिल्या दिवशी तेच डिझेल.

मी कृषी केंद्रात कामाला आहे. हरभऱ्याचं बियाणं विकून झालं की डिसेंबरात आठ-दहा दिवस गर्दी ओसरते, तेवढीच माझी सुटी.

रस्ता असा: वाशिमचं मालेगाव, कारंजा, दारव्हा, यवतमाळ, करंजी, मारेगाव, वणी, चंद्रपूर, गोंडपिपरी, आष्टी, आलापल्ली अन मग भामरागड. जायचे साडेपाचशेच्या आसपास किलोमीटर. समृद्धी महामार्ग आमच्या मेहकरच्या शिवारातून अन कारंजाच्या अंगावरून जातो, 701 किलोमीटर, पण त्याच्यावर दुचाकीला मनाई. म्हणजे आपण खालच्या रस्त्याने ट्रॅक्टरच्या मागे मागे जायचं अन पुलाखालून जाताना वर नुसता गाड्यांचा आवाज ऐकायचा. सुरक्षेसाठी आहे, मान्य, 120 च्या स्पीडच्या गाड्यांत माझी 55 वाली घुसली तर काय होईल ते मलाही समजते. तरी पुलाखाली गाडी थांबवून पाणी पिताना थोडं लागतंच.

तर पहिल्या दिवशी दिवस बुडता बुडता करंजीला पोहोचलो. इथं आपला रस्ता 44 नंबर हायवेला आडवा जातो. हा श्रीनगर ते कन्याकुमारीचा हायवे, त्यामुळे हिवाळ्यात इथल्या ढाब्यांवर देशभरचे रायडर दिसतात. रायडर लोकांची एक पद्धत आहे, समोरून सामान बांधलेली गाडी दिसली की डावा हात वर करायचा, उजवा बिचारा ॲक्सिलेटरवर अडकलेला असतो. मी आपला प्रत्येकाला करतो. स्प्लेंडरवाल्याला उलटा हात दहातले तीन जण करतात, बाकीच्यांना वाटत असेल हा लिफ्ट मागून राहिला किंवा पुढं पोलीस उभे आहेत सांगून राहिला.

पण ढाब्यावर केरळची दोन पोरं भेटली ती चांगली निघाली. कन्याकुमारीहून निघालेली, काश्मीरला चाललेली, तिशीच्या आतली, दोघांचीही हिंदी माझ्या इंग्रजीइतकीच. त्यांनी माझी चेन पाहिली, मान हलवली अन बॅगेतून स्प्रे काढून स्वतः खाली बसून चेनला मारला. मी ठेचा दिला. एकाने बोटभर तोंडात टाकला अन पाच मिनिटं बोलला नाही. त्यांचा मुक्कामाचा हिशोब सोपा होता, रात्री हायवेवरचा मोठा पेट्रोल पंप गाठायचा, मॅनेजरला विचारून कोपऱ्यात तंबू टाकायचा, उजेड असतो, कॅमेरा असतो, संडास असतो, अन पहाटे टाकी फुल करून निघायचं. मला म्हणाले तू पण चल. मी म्हणलं, पंपावर काय झोपता, मी आपला वावरात झोपतो, शेतकऱ्याचं पोरगं आहे मी! असं म्हणताना छाती थोडी फुगली होती हे कबूल करतो.

मारेगावच्या अलीकडे रस्त्याला लागून एक हरभऱ्याचं वावर दिसलं, धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बाभळीखाली सपाट जागा. आधी पाहिलं कुठं झटका मशीनची तार आहे का. हे फार महत्त्वाचं. रानडुकरं अन रोही (नीलगाय) पिकात शिरू नये म्हणून आपल्याकडे वावराला तारेचं कुंपण करून करंट सोडतात, मशीनचा असला तर नुसता झटका बसतो, पण काही लोक डायरेक्ट लाईनीचा सोडतात अन त्यात माणसं गेलेली आहेत. अंधारात कोणाच्या धुऱ्यावर चढायचं तर बॅटरी पायाजवळ नाही, गुडघ्याच्या उंचीवर मारायची, तार तिथं असते. तार नव्हती. मालकही नव्हता, विचारायला कोणी नव्हतं. टाकला तंबू.

रात्री एक-दीडला जाग आली ती पाठ गार लागली म्हणून. हात खाली लावला तर गोधडी चिंब. बाहेर पाण्याचा खळखळ आवाज, अन दूरवर एक बॅटरी नाचत नाचत येऊन राहिली. शेतीची लाईन रात्रीची होती, बारा वाजता आली, वावराच्या मालकानं, म्हातारे बाबाजी होते, त्यांनी मोटर सुरू केली अन दांडातलं पाणी माझ्या सपाट जागेतून, म्हणजे ती जागा सपाट काहून होती हे मला तेव्हा समजलं.

"कोन हाय रे तिकडं?"

मी तंबूतून मुंडकं काढलं. म्हणलं, "मी आहो जी, मेहकरचा."

बाबाजींनी बॅटरी माझ्यावर, मग तंबूवर, मग गाडीवर मारली. "मले वाटलं कोनाची गाय बसली पिवळी झूल घालून. भाऊ, उठा, गाडी काढा, गाळात फसंन ते."

फसलीच. दोघांनी ढकलली. मग त्यांच्या माळ्याखाली शेकोटीपाशी बसलो, गोधडी काठीवर वाळत घातली, बाबाजींनी फुटाणे दिले. सत्तरीचा माणूस, आठवडाभर दिवसाची लाईन अन आठवडाभर रात्रीची, रात्रीची असली की ओलीत रात्रीच करायचं, वर डुकराची जागल वेगळी. "तुमी हौसेनं झोपता वावरात," असं एकदा म्हणाले अन हसले, टोमणा नव्हता, खरंच गंमत वाटली होती त्यांना.

वाघाचा विषय निघाला. टिपेश्वर अभयारण्य तिथून फार दूर नाही. 2019 मध्ये टिपेश्वरचा एक वाघ, गळ्यात रेडिओ कॉलर असलेला, जूनमध्ये निघाला अन वावरं, नाले, हायवे ओलांडत, तेलंगणात डोकावून, फिरत फिरत वर्ष संपता संपता आमच्या बुलडाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात आला. नऊ महिन्यांत 3000 किलोमीटरच्या वर चालला, नावच पडलं वॉकर. बाबाजींना ते माहीत होतं. म्हणाले, "तो इथून तिकडं गेला, तुमी तिकडून इकडं आले. त्यानं कोनाले ठेचा नाई मागतला." ठेचा मीच दिला होता, पण असो.

वणी ते चंद्रपूर मी लिहिणार नाही, कोळशाचे ट्रक, धूळ, चंद्रपुरात रुमाल तोंडावरून काढला तर नाकाखाली मिशी काढल्यासारखं झालं होतं.

चंद्रपूरच्या पुढं मात्र उघड्यावर झोपायचं नाही हे ठरवूनच निघालो होतो. तिकडं वाघ गोष्टीतला नाही, धानाच्या बांधीवर गवत कापणाऱ्या माणसाला उचलणारा आहे. त्यामुळे गाव गाठायचं, पोलीस पाटलाला भेटायचं, आधार कार्ड दाखवायचं अन मंदिरात पडायचं. आष्टीच्या अलीकडे, वैनगंगेच्या पुलाच्या आधी एका गावात हनुमानाच्या सभामंडपात जागा मिळाली. पाटलांनी आधारचा फोटो काढला अन म्हणाले, "तिथं आणखी एक जण हाय तुमच्यावानीच."

तुमच्यावानीच म्हटल्यावर मी खुश. म्हटलं कोणी पुण्याचा-नागपूरचा असंल, दोन गोष्टी होतील, रूट विचारता येईल. गेलो तर सभामंडपात एक स्प्लेंडर, तिच्यावर माणसाच्या डोक्याच्या वर जाईल एवढा ब्लँकेटांचा ढीग, अन खाली पन्नाशीतला एक माणूस छोट्या स्टोव्हवर बटाटे उकडून राहिला.

मला पाहून तोच आधी बोलला. "आप ही थे ना दोपहर में, पीला तंबू? गोंडपिपरी के आगे हमने हाथ दिखाया था."

मी पाहिलंच नव्हतं. म्हणजे पाहिलं असणार, एवढा मोठा ढीग समोरून येतो अन दिसत नाही असं होत नाही, पण फेरीवाला म्हणून नजर सरकून गेली असणार. दहातले सात जण मला हात करत नाहीत म्हणून मी केवढं रडतो.

चाचा युपीचे. हिवाळ्याचे चार महिने चंद्रपुरात पाच जण मिळून एक खोली घेतात, तिथल्याच एका ठोक व्यापाऱ्याकडून माल उचलतात. ब्लँकेटं पानिपतची. (पानिपत म्हटलं की आपलं डोकं थेट 1761 मध्ये जातं, चाचांसाठी पानिपत म्हणजे डबल प्लायचा दर.) सकाळी चाळीस नग बांधून निघायचं, गावोगाव फिरायचं, अर्धे पैसे आत्ता अन अर्धे धान विकला की. म्हणून त्याच गावांत परत यावंच लागते. तीन-चार दिवसांनी खोलीवर जायचं, माल भरायचा, परत निघायचं. मधल्या रात्री मंदिर, शाळेचा व्हरांडा, एखाद्याची गोठ्याची पडवी. गाडी नऊ वर्षांची, इंजिनाचं काम दोनदा झालेलं.

मी तंबू लावायला घेतला तर पाहत बसले. मग म्हणाले, "इसके अंदर से दिखता क्या है?" काही दिसत नाही हे खरंच आहे. त्यांची सोय अशी, मच्छरदाणीचं एक टोक मंडपाच्या खांबाला, दुसरं गाडीच्या ढिगाला, आत आपला माणूस, चारही बाजूंनी सगळं दिसतंय, अन कोणी ढिगाला हात लावला की मच्छरदाणी हलते. अलार्म! मी हसलो तर म्हणाले, आजवर एक ब्लँकेट गेलं नाही.

पण खरी शिकवणी सकाळी झाली. माझं सामान बांधणं पाहून त्यांना राहवलं नाही. माझी गोणी मी सीटच्या पार मागं, कॅरिअरवर बांधत होतो, पाठीला मोकळं वाटावं म्हणून. ते म्हणाले वजन जितकं मागं टाकशील तितकं पुढचं चाक हलकं, चढावर अन गिट्टीवर हँडल हातात राहत नाही, गोणी ओढ पुढं, पाठीला चिकटव. जड ते खाली, गोधडी वर. अन बंजी कॉर्डकडे तर त्यांनी असं पाहिलं जसं आमच्याकडे लोक डुप्लिकेट बियाण्याकडे पाहतात. हुक खड्ड्यात उडतो, उडाला तर डोळ्यावर येतो नाहीतर चाकात जातो. त्यांनी ट्रकच्या जुन्या ट्यूबचे कापलेले दोन पट्टे दिले, तीन-तीन बोटं रुंद, हुक-बिक काही नाही, ओढून गाठ मारायची, रबर रबराला धरून ठेवते. पैसे विचारले तर पंक्चरवाल्याकडे फुकट मिळते म्हणाले. मी आईचा उरलेला ठेचा पूर्ण डब्यासकट दिला. तो त्यांनी पोळीसोबत असा खाल्ला जसं काही मुरंबा आहे.

निघता निघता मी विचारलं, वर्षाला किती किलोमीटर होत असतील? म्हणाले, कोण मोजते. मीच मोजले. दिवसाला 120 धरले अन चार महिने, तर 14,000 च्या वर. केरळच्या पोरांचा तो अख्खा हायवे चार हजारांच्या आसपासचा. पोरांना कमी लेखत नाही हं, त्यांचा चेन स्प्रे अजून माझ्या चेनवर होता.

पुढचं थोडक्यात. आलापल्लीपासून भामरागड 65 किलोमीटरच्या आसपास, सागाचं जंगल, मोबाईलला रेंज येते-जाते, तपासणीला थांबवलं की लायसन दाखवायचं अन कशाला आला त्याचं सरळ उत्तर द्यायचं. "फिरायला" म्हटलं तर विश्वास बसत नाही, "हेमलकसा पाहायला" म्हटलं की बसतो. बाबा आमट्यांनी 1973 मध्ये सुरू केलेला लोकबिरादरी प्रकल्प तिथंच आहे, प्रकाश अन मंदा आमट्यांनी उभं आयुष्य घातलं तो दवाखाना पाहिला, शाळेची पोरं पाहिली. मग पर्लकोटा ओलांडून भामरागड. पर्लकोटा, पामुलगौतम अन इंद्रावती अशा तीन नद्या तिथं मिळतात, पलीकडे छत्तीसगड. डिसेंबरात पाणी निवांत होतं, पावसाळ्यात हीच पर्लकोटा पुलावरून जाते अन गाव तुटते. संगमावर दोन तास बसलो. रस्ता काही ठिकाणी निव्वळ गिट्टी होता, पण गोणी एक इंच सरकली नाही.

येताना आष्टीच्या अलीकडच्या त्या मंदिरात डोकावलो, चाचा नव्हते, खांबाला मच्छरदाणीच्या दोरीचा तुकडा तेवढा होता.

घरी आलो, कामाला लागलो. तेव्हापासून सवय लागली, समोरून सामान लादलेली कुठलीही गाडी येवो, प्लास्टिकच्या खुर्च्या असो, भंगार असो, दुधाचे कॅन असो, डावा हात वर. बहुतेक जण गोंधळतात. गेल्या रविवारी लोणारच्या रस्त्यावर एक ब्लँकेटवाला येताना दिसला, तरुण पोरगा होता, मी लांबूनच हात वर केला. त्याने कचकन ब्रेक मारला, गाडी स्टँडवर लावली अन मी काही म्हणायच्या आत ढिगाची दोरी सोडायला लागला. "सिंगल दिखाऊं या डबल, भैया?"

आता काय सांगणार त्याला. डबल घेतलं, साडेसातशेला, अर्धे पैसे उधार ठेवून.